नानांच्या नावाने एकवीस किलोमीटर

माणसाने एकोणपन्नासाव्या वर्षी पहिल्यांदा धावायला सुरुवात करू नये, असं शास्त्रात कुठेही लिहिलेलं नाही. ते लिहून ठेवावं लागेल असं बहुधा शास्त्रकारांच्या डोक्यातच आलं नसावं. त्याआधी मी शेवटचा धावलो होतो नववीत, आमच्या गावी, गिरीजला, शेजारच्या आलोशियस अंकलची गाय सुटून माझ्या मागे लागली तेव्हा. आणि त्या शर्यतीतही गाय मला मागे टाकून पुढे निघून गेली होती. तर असा मी, विमा कंपनीतला उपव्यवस्थापक, कमरेचा घेर अडतीस, राहणार माणिकपूर, दुसरा मजला, लिफ्टची सोय, दिवंगत वडिलांच्या स्मरणार्थ एकवीस किलोमीटर धावायला उभा राहिलो.

वडिलांवरच्या प्रेमापोटी धावतोय, असं मी सगळ्यांना सांगत होतो. खरं कारण एका व्हॉट्सॲप मेसेजात होतं.

नाना चौदा महिन्यांपूर्वी गेले, ब्याऐंशीव्या वर्षी, गिरीजच्या राहत्या घरी. नेमकं त्याच आठवड्यात आमच्या ऑफिसात ऑडिट होतं. मी तेरा दिवसांचं सगळं तीन दिवसांत उरकून घेतलं. हल्ली बरेच जण उरकतात, भटजींनाही ते सोयीचं पडतं. पण विधी उरकले तरी भेटायला येणारी माणसं उरकत नाहीत. आमच्या वाड्यांमधली दुखवट्याला येण्याची रीत मोठी चिवट. माणूस येतो, ओटीवर बसतो, बोलत नाही, कोरा चहा पितो, बोलत नाही, आणि तासाभराने उठून जातो. अशा दोन-तीनशे माणसांचे दोन-तीनशे तास माझ्यापाशी नव्हते. म्हणून मी मेसेज टाकला: 'नानांच्या अंतिम इच्छेनुसार कोणीही भेटीस येण्याची तसदी घेऊ नये. घरूनच श्रद्धांजली वाहावी.' खाली जोडलेले हात, दोनदा. मग घराला कुलूप ठोकलं, आईला माणिकपूरच्या फ्लॅटवर आणलं आणि ऑडिटला जाऊन बसलो.

नानांची अशी काही अंतिम इच्छा नव्हती. शेवटच्या दुपारी त्यांनी एकच इच्छा व्यक्त केली होती, ती म्हणजे तो पंखा बंद करा, फार करकरतो.

आता यातली मेख सांगतो. नाना म्हणजे अख्ख्या गावाच्या दुखवट्यातला हक्काचा माणूस. घरोघरी फोन नव्हते तेव्हा कुणी गेलं की सायकलवर टांग टाकून गावोगाव सांगावा न्यायचे ते नाना. हिंदूंचं घर असो की ख्रिस्ती माणसांचं, दुसऱ्या दिवशी सकाळी ओटीवर येऊन बसलेले ते नाना. सांत्वन करणं त्यांना बिलकूल जमत नसे. तासभर कौलांकडे बघत बसायचे आणि उठताना विचारायचे, केळीला पाणी कोण सोडतंय? मग त्या घरची माणसं आत रडत असायची आणि नाना त्यांच्या वाडीत पाणी सोडत उभे असायचे. दुखवट्यातल्या माणसाने कामाला हात लावायचा नाही, त्याचं काम शेजाऱ्याने ओढायचं, एवढाच त्यांचा धर्म.

अशा माणसाने जाताना गावाला आपलं दार लावून घेतलं, असा माझ्या मेसेजचा अर्थ झाला. गाव मला काही म्हणालं नाही. गाव नानांवर रुसलं. माणिकपूरच्या बाजारात कुणी भेटलं की पिशवी सावरत म्हणायचं, नानाने असं सांगायला नको होतं हो. मी गंभीरपणे मान हलवायचो, जणू मलाही नानांचं ते वागणं पटलेलं नाही. आणि आईने त्या दिवसापासून माझ्यापाशी नानांचा विषय काढणं बंद केलं. भाजी काय आणायची आणि दूध उतू गेलं, यापलीकडे आमचं बोलणं नव्हतं.

अशात कंपनीने एक योजना काढली. कर्मचाऱ्याने आपल्या प्रिय दिवंगत व्यक्तीच्या स्मरणार्थ अर्धमॅरेथॉन धावायची. साडेतीन तासांच्या आत पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र आणलं, तर कंपनी त्याच्या गावाला रुग्णांसाठीच्या खाटा, चाकाच्या खुर्च्या, वॉकर असं साहित्य देणार आणि त्या व्यक्तीच्या नावाची पाटीही लावणार. मला वाटलं, सुटलो. गावात 'कै. जगन्नाथ राऊत रुग्णसाहित्य केंद्र' अशी पाटी लागली की गावाचा रुसवा जाईल, आणि मला तोंड उघडावं लागणार नाही. मेघना, म्हणजे माझी पत्नी, भाकरी थापता थापता म्हणाली की गावात जाऊन खरं काय ते सांगितलंस तर यापेक्षा कमी घाम येईल. बायकांना मोठ्या योजनांमधलं काही कळत नाही.

योजनेत नाव घालायचं म्हणजे कंपनीच्या पोर्टलवर अर्ज. त्यात दिवंगत व्यक्तीचं नाव, नातं, मृत्यूचा दाखला, आणि पुढे एक रकाना: 'सदर व्यक्तीचा मोबाइल क्रमांक. ओटीपीद्वारे संमती आवश्यक.' मी मनुष्यबळ विभागातल्या राधिकाला फोन करून विचारलं, की ज्याच्या स्मरणार्थ धावायचं तो संमती कशी देईल? ती म्हणाली, सर, रकाना रिकामा ठेवला तर फॉर्म पुढे जात नाही. मी दुसरा नंबर टाकून पाहिला, तर तो मृत्यूच्या दाखल्यावरच्या नावाशी जुळत नव्हता. शेवटी नानांचा नंबर टाकला आणि आता हवेतून काही येतंय का याची वाट बघत बसलो. तेवढ्यात आतल्या खोलीत टुणकन वाजलं.

नानांचा फोन आईच्या उशाशी होता. चार्ज केलेला. इतके महिने ती खालच्या दुकानातून त्यात रिचार्ज मारत होती, हे मला त्या दिवशी कळलं. मी हात पुढे केला, तर तिने फोन दिला नाही. चष्मा लावून एकेक आकडा स्वतः वाचून दाखवला आणि विचारलं, कसला नंबर आहे? मी म्हणालो, नानांची परवानगी हवी होती. ती म्हणाली, "या वेळी विचारलंस तरी." आणि दार लोटून घेतलं.

मग सराव. आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी हार्दिक गेली सहा वर्षं धावतो, आणि न धावणाऱ्यांकडे तो आजारी माणसांकडे बघावं तसा बघतो. त्याने मला बूट घ्यायला लावले, मनगटावर घड्याळ बांधायला लावलं, आणि तळलेलं बंद केलं. तळमजल्यावरचे निवृत्त कंपाउंडर म्हणाले की धावताना जीभ टाळूला लावून ठेवायची, म्हणजे हृदयावर ताण येत नाही. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी सांगितलं की त्यांचे भाऊजी असेच धावायला गेले होते, आणि मग हळहळत इतका वेळ गप्प राहिल्या की भाऊजींचं पुढे काय झालं ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. तीन महिन्यांत माझं वजन दोन किलोंनी वाढलं. हार्दिकने ते स्नायूंचं आहे असं सांगितलं. तो माणूस वाईट नाही.

नानांचा फोटो छातीवर असलेला टी-शर्ट ही कल्पना मात्र माझी स्वतःची. फोटो एकच बरा होता, आधार कार्डासाठी काढलेला, ज्यात नाना फोटोग्राफरवर चिडलेले आहेत. छापणाऱ्याने माझ्या आकाराकडे बघून तो परस्पर मोठा केला. परिणाम असा झाला की नानांचं कपाळ माझ्या छातीवर आलं आणि हनुवटी थेट बेंबीशी. मी श्वास आत ओढला की नाना खवळायचे आणि सोडला की हसायचे. खाली लिहिलं होतं, 'नाना, तुमच्यासाठी!'

नानांच्या कपाळावर शर्यतीच्या क्रमांकाचा कागद पिनांनी टाचला आणि डिसेंबरातल्या त्या रविवारी सकाळी सहा वाजता मैदानातून आम्ही सुटलो. मैदान, तिथून वाड्यांमधले रस्ते, आणि फिरून परत मैदान, असा मार्ग होता. आदल्या दिवशीच आईने, मला गिरीजच्या घरी सोड, एवढंच सांगितलं होतं. रस्ता आमच्या घरावरूनच जात होता. मी समजलो की तिला मला धावताना बघायचंय. मला भरून आलं. माणूस स्वतःबद्दल किती चांगला विचार करू शकतो याला मर्यादा नसते.

पहिले बारा किलोमीटर मी अब्रूने काढले. जीभ टाळूला लावली होती, त्यामुळे पाणी पिताना थोडा घोटाळा झाला इतकंच. आठला दहा कमी असताना मी गिरीजच्या हद्दीत शिरलो. उरलेले नऊ किलोमीटर आणि हातात एक तास चाळीस मिनिटं. पाटी जवळजवळ लागल्यात जमा होती.

मला पहिल्यांदा थांबवलं ते लूर्डसबायने. ती पाचूबंदरहून येते आणि गिरीजच्या नाक्यावर मासळी घेऊन बसते. तिने मला पाहिलं नाही, तिने नानांना पाहिलं. मासळीच्या टोपलीवर ओला फडका टाकून ती रस्त्यात आली आणि हात जोडून उभी राहिली. आता एखादी बाई तुमच्या वडिलांपुढे हात जोडून उभी असेल तर तिला वळसा घालून कसं पळणार? मी थांबलो. तिने माझ्या पोटाकडे बघत सांगितलं, "माजा नवरा गेला तवा तुमी दोन दिस माज्या दारात बसलात. पानी पन नाय घेतलं." मग डोळे पुसले, फुलवालीकडून झेंडूचं एक फूल घेतलं आणि ते माझ्या छातीवरच्या पिनेत, नानांच्या भुवईवर, खोचून दिलं. बोटांना बोंबलाचा वास होता.

तिथून आमच्या घरापर्यंतचं अंतर सहाशे मीटर असेल. ते कापायला मला पस्तीस मिनिटं लागली. आमच्या बाजूची माणसं शर्यत बघायला म्हणून फाटकाशी उभी होती, आणि शर्यतीतून साक्षात नाना येत होते. चौदा महिने पोटात धरून ठेवलेला दुखवटा त्यांना द्यायचा होता, आणि मेसेजात घरी येऊ नका असं म्हटलं होतं, रस्त्यात भेटू नका असं म्हटलं नव्हतं. प्रत्येक फाटकापाशी मी थांबायचो. माणूस पुढे यायचा, नानांकडे बघायचा, काही बोलायचा नाही. दोघांनी नमस्कारासाठी वाकून नानांच्या हनुवटीला, म्हणजे माझ्या बेंबीला, हात लावला. एका म्हाताऱ्या बाईने माझ्या हातात कोरा चहा दिला आणि कप परत घेण्यासाठी थांबून राहिली. माझ्या अंगावरून पाठीमागचे धावपटू भराभर निघून जात होते. त्यांतल्या एकाने, ओळखदेख नसताना, धावता धावता मला दुःखात सहभागी असल्याचं सांगितलं. मनगटावरचं घड्याळ सारखं थरथरून विचारत होतं की तुम्ही व्यायाम थांबवला आहे का.

आणखी एक भानगड झाली. ज्यांचं भेटून झालं ती माणसं परत घरी गेली नाहीत. ती माझ्या मागून चालू लागली. आमच्या घरापाशी पोचलो तेव्हा माझ्या मागे साठ-सत्तर जण होते, त्यात चार मुळात धावायला आलेले, जे चुकून इकडे वळले होते.

घराचं कुलूप उघडं होतं. अंगणात आईने चटया अंथरल्या होत्या. ती ओटीवर भिंतीला टेकून बसली होती, पांढऱ्या साडीत, चौदा महिन्यांपूर्वी जशी बसायला हवी होती तशी. मला बघायला म्हणून ती आलीच नव्हती. येणारी माणसं येणार, एवढं तिला माहीत होतं.

सगळे बसले. कुणी काही बोलेना. मी उभाच होतो. आठ पंचवीस झाले होते, आठ किलोमीटरच्या वर अंतर बाकी होतं आणि जेमतेम पासष्ट मिनिटं. आत्ता निघून जीव तोडून धावलो तर जमत होतं. मी हळूच एक पाय फाटकाकडे सरकवला. आईने माझ्याकडे न बघता म्हटलं, "जा हो तू. तुझं काम असेल."

हे ती रागाने म्हणाली असती तर मी गेलो असतो. ती अगदी साधेपणाने म्हणाली. माझा पाय तिथेच राहिला.

तेवढ्यात फ्लॉसी आंटी पुढे आल्या. आलोशियस अंकलची बायको, आमच्या बांधाला लागून त्यांची वाडी. वय पासष्टीच्या आसपास. त्या माझ्या शर्टाकडे नाही, सरळ माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"माझा थोरला गेला तेव्हा नाना नऊ दिवस येऊन बसला आमच्याकडे," त्या म्हणाल्या. "मला त्याच्या ओटीवर एक दिवस नाही मिळाला. तेवढं सांग मला, प्रितेश. त्याने खरंच येऊ नका म्हणून सांगितलं होतं?"

चांगली दहा-बारा उत्तरं माझ्यापाशी तयार होती. विम्याच्या धंद्यात माणूस उत्तरांवरच जगतो. पण समोर आई बसली होती, आणि छातीवर नाना होते, आणि श्वास लागल्यामुळे ते एकदा खवळत होते आणि एकदा हसत होते.

"नाही," मी म्हणालो. "ते मी लिहिलं. मला ऑडिट होतं."

मला वाटलं आता शिव्या पडतील. फ्लॉसी आंटी मटकन चटईवर बसल्या आणि पदराने तोंड झाकून रडायला लागल्या. आलोशियस अंकल स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले, "म्हणजे नाना आपल्यावर रागावून नाही गेला." आणि मग सगळं अंगण एकदम बोलायला लागलं, नाना हे म्हणाले होते, नाना तिथे आले होते, आणि आई, जी चौदा महिने दुधाशिवाय कशावर बोलली नव्हती, ती मधेच कुणाला तरी अडवून म्हणाली की छे, ती सायकल हिरवी नव्हती, काळी होती. मला लाज वाटली. ती लिहूनही उतरत नाही.

मी चटईवर बसलो. बसताना घड्याळाकडे नजर गेली, ती आलोशियस अंकलनी पाहिली. त्यांनी विचारलं, हे धावायचं काय आहे ते पूर्ण नाही केलं तर काय होतं? मी पाटीचं, खाटांचं सगळं सांगितलं. ते उठले. वय अडुसष्ट, अंगात बनियन आणि गुडघ्यापर्यंतची खाकी पॅंट. म्हणाले, "दुखवट्यातल्या माणसाने कामाला हात लावायचा नाही. तो नंबर काढ इकडे."

मी समजावून सांगायचा प्रयत्न केला. धावणं हे केळीला पाणी सोडण्यासारखं नसतं, ते ज्याचं त्यानेच करायचं असतं, त्या कागदात वेळ मोजणारी चिप असते, वगैरे. पण आमच्याकडे कामाची वाटणी एकदा सुरू झाली की ज्याच्या घरचं दुःख आहे त्याचं कुणी ऐकत नाही. २१४७ हा माझा क्रमांक अंकलच्या बनियनला टाचला गेला. ते रस्त्याकडेच्या पुढच्या क्रुसापर्यंत नेणार, तिथून दूधवाला घेणार, मग शाळेच्या पीटीच्या बाई, असं दोन मिनिटांत ठरलं. कोण किती नेणार यावरून थोडी भांडणंसुद्धा झाली. लूर्डसबाय म्हणाली, शेवटचा तुकडा माजा, मला मैदानाकडंच जायचंय.

नऊ वाजून तेवीस मिनिटांनी हार्दिकचा फोन आला. मागून लाउडस्पीकर ऐकू येत होता. तो विचारत होता की प्रितेशभाई, तुमचा नंबर आत्ता लाइन क्रॉस करून गेला, पण तुम्ही दिसला नाहीत, एक मच्छीवाली मावशी दिसली, हे काय आहे? मी म्हणालो, शेजारी आहेत. सात मिनिटं राखून मी शर्यत पूर्ण केली होती, चटईवर बसून, कोरा चहा पीत.

आयोजकांचं पत्र संध्याकाळीच ईमेलने आलं. पत्र सभ्य होतं. त्यात म्हटलं होतं की क्रमांक २१४७ या स्पर्धकाची छायाचित्रं तपासली असता तो चौदाव्या किलोमीटरला टक्कल असलेला, सोळाव्याला मिशाळ आणि अठराव्यापासून स्त्री असल्याचं आढळून आलं; एकूण सात व्यक्तींनी हा क्रमांक वाहिला असून त्यांपैकी एकीने अंतिम रेषेजवळ दोन स्वयंसेवकांना सुरमईचा भाव सांगितला. सबब स्पर्धक अपात्र. कंपनीनेही लगेच कळवलं की प्रमाणपत्र नसल्यामुळे साहित्य मिळणार नाही, पाटीही नाही, आणि पुढच्या वर्षी नव्याने अर्ज करता येईल, ओटीपीसह.

गावाला याचं काही वाटलं नाही. खाटा काय, आलोशियस अंकल म्हणाले, कुणी आजारी पडलं तर माझी नेतात, पुढेही नेतील. नानांवरचा गावाचा रुसवा मात्र त्या दिवशी संपला. तो संपला म्हणजे कुठे गेला नाही, नीट पत्ता विचारत माझ्याकडे आला. पीटीच्या बाई हल्ली मला बाजारात बघून पलीकडून जातात. दूधवाल्याने तोंडावर सांगितलं की तुझ्या बापाच्या जागी दुसरा असता तर मी तो नंबर नेलाच नसता. योग्यच आहे ते. मला ते आवडतं असं नाही, पण योग्य आहे.

त्या संध्याकाळी शेवटची माणसं उठून गेली. दुपारी येऊन पोचलेली मेघना कप विसळत होती. मी आईला म्हणालो की चल आता, माणिकपूरला जाऊ, माझ्या गुडघ्यात कळा येतायत आणि उद्या सोमवार आहे. ती चटया गोळा करत होती, त्या तिने आत नेल्या नाहीत. घडी घालून ओटीवरच ठेवल्या.

"तीन दिवस तू तेव्हा दिलेस," ती म्हणाली. "आजचा चौथा धरू. नऊ राहिले."

दुसऱ्या दिवशी सकाळी ओटीवर बसूनच मी नऊ दिवसांच्या रजेचा अर्ज पाठवला. कारणाच्या जागी लिहिलं, वडिलांचं निधन. दहा मिनिटांत राधिकाचा फोन आला. पोरगी चांगली आहे, आवाज खाली आणून बोलत होती.

"सर, काहीतरी चूक झाली असेल. तुमचे वडील मागच्याच वर्षी वारले ना?"

"हो," मी म्हणालो. "पण तेव्हा मी ऑफिसात होतो."

ती पुढे काय म्हणाली ते मी ऐकलं नाही. फाटकातून माणसं आत येत होती, म्हणून फोन ठेवला आणि चटई अंथरायला उठलो.